जुन्या गाडीचा हेडलाइट : नवा बल्ब घेण्यापूर्वी...

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील रस्ते रात्रीही जागे असतात. कराड, वाळवा, पलूस, तासगाव या पट्ट्यातून साखर कारखान्यांकडे निघालेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. त्यांतील अनेकांना मागे दिवा नसतो. फार तर रिफ्लेक्टरची एखादी पट्टी असते. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश तो केवळ परत पाठवतो. तो प्रकाशच क्षीण असेल, तर पट्टी लावलेली ट्रॉलीही अंधाराचाच भाग होऊन जाते.

या दोन्ही जिल्ह्यांत पंधरा-वीस वर्षे जुन्या जीप, ओम्नी, मारुती ८०० आणि दुचाकी आजही रोजच्या वापरात आहेत. अशा वाहनांचा हेडलाइट एका दिवसात मंद होत नाही. वर्षानुवर्षे थोडा थोडा उतरत जातो आणि चालकाची नजर त्याला सरावते. एखाद्या रात्री प्रसंग थोडक्यात निभावतो, मग वाहनधारक सुट्या भागांच्या दुकानात जाऊन 'जास्त पॉवरचा बल्ब' मागतो. बहुतेक वेळा दोष बल्बच्या ताकदीत नसतो, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

किती दूरचे दिसायला हवे?

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरचा अडथळा ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर रस्ता मागे पडलेला असतो. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण अंतर होते ४५ मीटर. वेग ८० असेल, तर हेच अंतर ७० मीटरच्या आसपास जाते.

सुस्थितीतील हेडलाइटचा डिपर साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतचा रस्ता उपयुक्त प्रमाणात उजळतो. म्हणजे दिवा उत्तम असला, तरी डिपरवर ६० हीच जवळपास मर्यादा ठरते. दिव्याचा उजेड निम्म्यावर आला असेल, तर दुभाजक नसलेल्या अरुंद रस्त्यावर विनादिव्याची बैलगाडी दिसेपर्यंत थांबण्याची वेळ निघून गेलेली असते.

बल्बची जात ओळखा

बल्ब घेताना पहिला प्रश्न ताकदीचा नसून बैठकीचा आहे. अनेक जुन्या मोटारी आणि जीपगाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्याला मागे तीन पाती असतात आणि आत दोन तारा, म्हणजे फिलामेंट, असतात : अप्परसाठी ६० वॅटची आणि डिपरसाठी ५५ वॅटची. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. त्या फिलामेंटचा खाली जाणारा प्रकाश ती अडवते. तो प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडला असता, तर परावर्तित होऊन वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. डिपरचा झोत रस्त्यावर राहतो, तो या वाटीमुळे.

त्याहून जुन्या गोल दिव्यांत वेगळ्या बैठकीचा, बिनहॅलोजनचा ४५/४० वॅटचा बल्ब आढळतो. दोन्ही बल्ब वरकरणी सारखे वाटतात; पण एकाच्या होल्डरमध्ये दुसरा नीट बसत नाही. मग कानस मारून किंवा वाकवून तो 'बसवला' जातो. येथेच घात होतो. फिलामेंट ठरलेल्या जागेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर जरी सरकले, तरी झोत विस्कटतो : रस्त्यावर उजेड कमी पडतो आणि झाडांच्या शेंड्यांवर जास्त. बहुतेक मालवाहू ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते व त्यांचा एच-४ बल्ब ७५/७० वॅटचा असतो. तो १२ व्होल्टच्या गाडीत लावल्यास नुसता लालसर टिमटिमतो. म्हणून जुना बल्ब काढून दुकानात सोबत न्यावा आणि त्यावर कोरलेले व्होल्ट, वॅट व जात तपासूनच नवा घ्यावा.

वॅट वाढवण्याचा मोह

बाजारात १००/९० वॅटचे एच-४ बल्ब सहज मिळतात. बैठक तीच असल्याने ते विनातक्रार बसतातही. परंतु ६० वॅटचा एक बल्ब सुमारे ५ अँपिअर वीज घेतो, तर १०० वॅटचा ८ अँपिअरहून अधिक. दोन दिवे मिळून १० अँपिअरच्या जागी १६ ते १७ अँपिअर प्रवाह जुन्याच तारांतून आणि जुन्याच स्विचमधून वाहू लागतो. तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती जवळपास पावणेतीन पट होते. होल्डर वितळणे, स्विच जळणे, रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडणे ही त्याची ठरलेली फळे. फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे जाड तार गुंडाळली, तर गाडीला आग लागण्याची तयारीच केल्यासारखे होते.

उजेड मुरतो कुठे?

हॅलोजन बल्बचा एक गुण वाहनधारकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, तर उजेड १० नव्हे, सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत गंजलेले अर्थिंग, सैल कनेक्टर, झिजलेला स्विच आणि बारीक तारा मिळून एवढी घट सहज करतात. अशा गाडीत नवा बल्बही जुन्यासारखाच मंद जळतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून व हेडलाइट लावून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आधी बॅटरीवरील आणि मग बल्बच्या पात्यांवरील व्होल्टेज मीटरने मोजून घ्यावे. बॅटरीवर १४ च्या आसपास आणि बल्बवर साडेबाराहून कमी आकडा आला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. त्यावर उपाय म्हणजे अर्थिंग घासून घट्ट करणे आणि हेडलाइटसाठी रिले बसवणे. रिलेमुळे दिव्यांचा प्रवाह स्विचमधून न जाता बॅटरीपासून थेट, जाड तारेने व स्वतंत्र फ्यूजमधून जातो. स्विच केवळ हुकूम देतो. अनेक जुन्या गाड्यांत एवढ्यावरच ६०/५५ वॅटचा साधा बल्ब नव्यासारखा उजळतो.

दुसरी गळती रिफ्लेक्टरमध्ये असते. महाबळेश्वर, पाटणसारख्या अतिपावसाच्या भागात दिव्यात ओल शिरते, चकाकी उडते आणि आरशाच्या जागी करडा पत्रा उरतो. प्लॅस्टिकची काच असेल, तर ती उन्हाने पिवळी पडते. आरसाच आंधळा झाला असेल, तर कितीही महाग बल्ब त्यात वायाच जातो. अशा वेळी योग्य दर्जाचा संपूर्ण दिवा बदलणे हाच खरा उपाय ठरतो. मात्र रस्त्याच्या उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला जुना दिवा स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नये. त्याचा डिपर उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्या चालकावर, उंच जातो.

निळे बल्ब आणि एलईडी

निळसर मुलामा दिलेले हॅलोजन बल्ब 'पांढरा, प्रखर प्रकाश' म्हणून विकले जातात. फिलामेंट तेच असते. मुलामा त्यातील पिवळा-तांबडा प्रकाश गाळून टाकतो. दिवा पांढरा दिसतो, पण रस्त्यावर पोहोचणारा उजेड वाढत नाही, बहुधा घटतोच. नामांकित कंपन्यांचे 'अधिक उजेड' देणारे ६०/५५ वॅटचे बल्ब मात्र वेगळे. त्यांतील फिलामेंट अधिक तापवलेले व नेमके असते, त्यामुळे झोताचा महत्त्वाचा भाग खरोखर उजळतो. त्याची किंमत अल्पायुष्याच्या रूपाने मोजावी लागते.

एच-४ च्या जागी बसणाऱ्या एलईडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुना रिफ्लेक्टर बारीक फिलामेंटभोवती आखलेला असतो. एलईडीची चकती आकाराने व दिशेने वेगळी असल्याने झोत अनेकदा फाकतो : बोनेटपुढचा रस्ता लख्ख दिसतो, दूरचा अंधारतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीही प्रत्येक बल्ब ठरावीक वाहनाच्या ठरावीक दिव्यात तपासून. जे कोणत्याही गाडीत चालते असे सांगितले जाते, त्याची अशी तपासणी झालेली नसते. हॅलोजनच्या दिव्यात बसवलेल्या झेनॉन संचांनाही हेच लागू आहे.

दुचाकींचे गणित वेगळे

अनेक जुन्या मोटारसायकली आणि स्कूटरचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, थेट इंजिनच्या कॉइलवर चालतो. म्हणूनच रेस वाढवली की उजेड वाढतो. या कॉइलची क्षमता ठरलेली असते. ३५/३५ वॅटच्या जागी अधिक वॅटचा बल्ब लावला, तर तो वीज ओढून व्होल्टेज पाडतो आणि दिवा उलट मंदावतो. कमी वॅटचा लावला, तर व्होल्टेज चढून तो लवकर उडतो. काही जुन्या स्कूटरची यंत्रणा तर ६ व्होल्टची असते. दुचाकीधारकाने मूळ वॅटपासून हलू नये, हेच उत्तम.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढील दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत, इतका खाली वळलेला असला पाहिजे. एकेकाळी ट्रक-बसच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला दिसे, तो याच हेतूने. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकरण करताना, मग गाडी एमएच-११ ची असो, एमएच-१० ची वा कराडच्या एमएच-५० ची, दिव्यांसह वाहनाची तपासणी होते. मूळ जातीचा व मूळ वॅटचा बल्ब असेल, तर तेथे अडचण येत नाही.

बसवताना आणि नंतर

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून काच त्या जागी कमकुवत होते. चुकून हात लागलाच, तर स्पिरिटने पुसावे. बल्ब जोडीने बदलावेत. एक उडाला, तर दुसऱ्याचेही वय तेवढेच झालेले असते. शिवाय एका दिव्यावर धावणारी जीप समोरच्याला दुचाकी भासते, आणि कुंभार्ली किंवा पसरणी घाटाच्या वळणावर हा भास जिवावर बेतू शकतो. एक जादा बल्ब गाडीत असावा.

शेवटी झोत जुळवावा. सपाट जागी, नेहमीचा भार ठेवून, गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरच्या उजेडाची वरची कडा त्या रेषेखाली ५ ते ७ सेंटिमीटरवर आली पाहिजे. कडा रेषेच्या वर असेल, तर समोरचा चालक दिपतो. फार खाली असेल, तर आपलाच रस्ता तोकडा पडतो.

ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळे दिपले, तर समोरचा चालक ५० मीटर रस्ता न पाहताच पार करतो, आणि त्याच ५० मीटरमध्ये एखादी उसाची गाडी असू शकते. त्यामुळे हेडलाइटची निवड ही केवळ आपल्या सोयीची बाब राहत नाही. योग्य जातीचा, मूळ वॅटचा चांगला बल्ब, स्वच्छ आरसा, पुरेसे व्होल्टेज आणि नीट जुळवलेला झोत एवढे साधले, तर जुनी गाडीही रात्री नीट पाहू शकते आणि समोरच्यालाही पाहू देते.