पावसाचे पाणी व खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीव

सुलतानपूरच्या शिवारात मुसळधार पाऊस झाला की ओढेनाले गढूळ होऊन वाहू लागतात. त्या पाण्याबरोबर काळी माती, पालापाचोळा, शेणखताचा अंश आणि रासायनिक खतांतील नत्र व स्फुरदही वाहून जातात. या भागातील पैनगंगा व पूर्णा या नद्यांचे पाणी अखेर गोदावरीस मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते.

एवढे अन्न मिळताच समुद्रातील सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढत असतील, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ऐन पुरात तसे सहसा घडत नाही. पाणी गढूळ असल्यामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही, आणि उजेडावाचून ते अन्न वापरता येत नाही. पूर ओसरून गाळ बसला म्हणजे मग वाढीस जोर येतो. शिवाय गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर करून राहते व खालील पोषकद्रव्ये वर येण्यास अडथळा होतो. वाहून आलेला व मेलेला अंश जिवाणू कुजवितात, त्यात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो.

गोड्या पाण्याचा थर वर्गात दाखविणे कठीण नाही. काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्यावे व शाईने रंगविलेले साधे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडावे. घाई केल्यास दोन्ही मिसळतात आणि प्रयोग फसतो.

समुद्र दूर असला तरी येथील मुलांस खारे पाणी परके नाही. उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील लोणारचे सरोवर जवळच आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांतील रंगद्रव्याचा असल्याचे आढळले. पाणी आटून क्षार वाढल्याने त्या जीवांचे फावले होते. पाऊस पडून क्षार विरळ होताच ते तळाशी बसले आणि नेहमीचा हिरवा रंग परतला.

समुद्राच्या मानाने हे सरोवर लहान व कोंडलेले आहे. गावाचे सांडपाणी त्यात उतरते, ही तक्रार जुनी आहे. विवरातून बाहेर वाहून जाण्यास पाण्याला वाट नाही. ते वाफ होऊन उडते, क्षार व स्फुरद मात्र तेथेच राहतात.