इथं होईल, इथं नाही होणार

भूमकर चौकातून हिंजवडीत शिरणाऱ्या रस्त्यावर पाटी वाचावी लागत नाही. खांबाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ओढलेली ‘पंक्चर’ ही अक्षरं, खाली एक कॉम्प्रेसर, पाण्याची घमेली आणि बसायला गाडीची उखडलेली सीट. वर प्लॅस्टिकचा कागद ताणलेला असला तर दुकान ‘पक्कं’ म्हणायचं. शिवाजी चौक, पुढे फेज 1, फेज 2, माणकडे जाताना फेज 3, सगळीकडे हाच थाट. आत काचेच्या इमारतींत जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं जातं आणि बाहेर गटाराच्या कडेला त्याच मोटारींची चाकं खोलली जातात.

या मिस्त्रीला गॅरेज नसतं, आणि गॅरेजवाले त्याला मेकॅनिक मानत नाहीत. दोघांचं काम मुळातच वेगळं आहे, हे मला गॅरेजवाल्यांना सांगावंसं वाटतं. गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस राहू शकते. इथे मागे पीएमपीची बस हॉर्न वाजवत उभी असते, पाऊस पडत असतो आणि गिऱ्हाईकाची मीटिंग साडेदहाला असते. गाडी वाकडपर्यंत, घरापर्यंत, निदान गॅरेजपर्यंत चालती झाली पाहिजे. त्यामुळे या कारागिराचं खरं कसब पहिल्या दोन मिनिटांत दिसतं. गाडीकडे बघून, किक मारून, कान देऊन तो सांगतो, ‘इथं होईल’ किंवा ‘इथं नाही होणार, टोचन करून न्या.’ यातलं दुसरं वाक्य वेळेवर बोलता येणारा मिस्त्री चांगला. हाव धरून भर पावसात इंजिन खोलणारा वाईट. एवढा फरक ओळखता आला तरी गिऱ्हाईकाचे बरेच पैसे वाचतात.

पावसात बुडालेली स्कूटर घ्या. 2025 च्या जूनमध्ये इथले रस्ते ओढ्यासारखे वाहिले, त्याचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पाण्यातून जाताना इंजिन चालू असेपर्यंत सायलेन्सरमधून बाहेर येणारा धूर पाण्याला आत येऊ देत नाही. घाबरून रेस सोडली, गाडी बंद पडली की पाणी उलट आत चढतं. पाणी एअर फिल्टरपर्यंत पोहोचलं तर प्रकरण गंभीर, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना बटन दाबत राहिलं की पिस्टन वर येऊन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खर्च हजारांत. म्हणून जाणता मिस्त्री पहिल्यांदा किल्ली काढून घेतो. ‘ताई, आता सेल्फ मारू नका.’ मग प्लग पान्याने प्लग काढतो आणि प्लगशिवायच किक मारतो. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते. उडायची थांबेपर्यंत मारत राहायचं. डिपस्टिक काढून ऑइल बघायचं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी इथे सुरू करायची नाही. ऑइल स्वच्छ असेल तर फिल्टर झटकायचा, प्लग पुसून, फुंकून, कॅपमधलं पाणी कपड्याने टिपून परत लावायचा. गाडी फुरफुरते, पांढरा धूर सोडते, सुरू होते. तरी पुढे बेल्ट ओला असतो, तो घसरतो. ‘हळू जा, दोन किलोमीटर रेस देऊ नका,’ ही सूचना फुकट असते आणि निम्मे लोक ती ऐकत नाहीत.

पंक्चरचं उलटं आहे. ट्यूबलेस टायरला पावसाने फारसं अडत नाही. खिळा ज्या तिरक्या रेषेत घुसला असेल ती बघून पकडीने उपटायचा, त्याच रेषेत रिमर घालून भोक खरवडायचं, सोल्यूशन लावलेली रबरी पट्टी दुहेरी करून सुईने आत ढकलायची, झटक्यात सुई मागे ओढायची, वरची शेपूट ब्लेडने कापायची. एरवी अंगठ्याने थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतात, पावसात तेही लागत नाही. पण ट्यूबवालं चाक आलं की मिस्त्रीचा चेहरा पडतो. ट्यूब घमेल्यात बुडवून भोक शोधणं सोपं, त्यावर पॅच बसवणं अवघड. कानशीने घासलेली जागा खडखडीत कोरडी हवी, हात कोरडे हवेत, सोल्यूशन वाळायला दोन मिनिटं हवीत. एक थेंब पडला तरी पॅच दुसऱ्या दिवशी सुटतो. काही ठिकाणी अजून गरम पॅच मारतात. ट्यूबवर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून वर जुन्या इंजिनाचा पिस्टन शिकंज्यात आवळायचा, पिस्टनच्या वाटीत थोडं रॉकेल ओतून पेटवायचं. रॉकेल संपून पिस्टन निवला की रबर एकजीव झालेलं असतं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं करायची जी युक्ती शोधली, ती इथे छत्रीखाली चालते.

टायरच्या बगलेला चीर असेल तर मात्र पट्टी चालत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे ‘गेटर’, घालून देतात. ती फक्त घरी जाण्यापुरती सोय, हे सांगून देणारा प्रामाणिक.

पंक्चरवाले स्वतःच रस्त्यावर खिळे टाकतात, असा संशय प्रत्येक कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बोलला जातो. कुठे कुणी टाकत नसेल असं मी म्हणणार नाही. पण हिंजवडीत त्याची गरज काय? चहूकडे इमारती उठतायत, डोक्यावरून माण ते शिवाजीनगर 23 किलोमीटरच्या मेट्रोचं काम चाललंय, सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे आणि बाइंडिंग वायरचे तुकडे डंपरमधून आपोआप सांडतात. पावसात ते पाण्याबरोबर वाहून रस्त्याच्या कडेला येतात, नेमके दुचाकी चालतात तिथे.

हिंजवडीत आयटीच्या आधी ऊस यायचा होता. इथे सहकारी साखर कारखान्याचं भूमिपूजन करायला आलो आणि कारखाना दुसरीकडे न्या असं सांगितलं, ही आठवण शरद पवारांनी जाहीर भाषणांत अनेकदा सांगितली आहे. संत तुकाराम कारखाना पुढे जवळच कासारसाई-दारुंब्रेला झाला. म्हणजे गळीत हंगामात लॅपटॉपच्या बॅगा आणि उसाच्या ट्रॉल्या एकाच भागात फिरतात. ट्रॉलीचा पाटा तुटला किंवा बेअरिंग गेलं तर ती ओढून न्यायची कुठे? भरलेली ट्रॉली जागच्या जागीच दुरुस्त करावी लागते. जॅक ओल्या मातीत रुततो, म्हणून खाली सपाट दगड किंवा सागाची फळी. जॅकवर विसंबून कुणी खाली शिरत नाही, आधी दोन्ही बाजूंना दगड रचायचे, मग शिरायचं. ट्रकच्या चाकात हवा भरताना रिंगसमोर उभं राहायचं नाही, हेही नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात. शंभर पौंड हवेने सुटलेली लॉक रिंग माणूस मारते.

ट्रॅक्टरच्या आधी बैलगाडी होती आणि तिची दुरुस्तीही उघड्यावरच व्हायची. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की चाकाची लोखंडी धाव सैल होई. लोहार गोवऱ्या रचून धाव लालबुंद करी, तिघे चौघे सांडशांनी उचलून ती चाकावर बसवत आणि लगेच पाणी मारत. धाव आवळली की आरे आणि तुंबा कडाकडा बोलत. म्हातोबाच्या यात्रेत आजही हिंजवडीहून वाकडला बगाड ओढत नेतात. लाकडी गाड्याची तब्येत जाणणारे हात या पट्ट्यात अजून आहेत.

मोटारीची विद्या मात्र पलीकडून आली, पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून. टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून रस्त्यात बंद पडलेल्या बसकडे डेपोतून मेकॅनिक पाठवायची शिस्त या भागाला ठाऊक आहे. पंक्चरच्या धंद्यात मात्र बाहेरचे लोक जास्त. पूर्वी महामार्गांवर केरळची माणसं असत, आता उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं दिसतात. त्यांचं मराठी हवा, नट, खिळा आणि पैसे एवढ्यापुरतं पक्कं असतं.

रस्त्यावरच्या युक्त्यांबद्दल लोक कौतुकाने बोलतात. पेट्रोलच्या टाकीला गळती लागली तर अंगाचा साबण मळून लावतात. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे तो खरंच टिकतो. रेडिएटर गळत असेल तर हळद ओततात. तीही भोक बुजवते, पण सोबत बारीक नळ्याही बुजवते आणि पुढे गॅरेजवाला शिव्या घालतो. मला साबण पटतो, हळद नाही.

या साऱ्या विद्येखालची जमीन हळूहळू सरकते आहे. जुनी चेतक वाकडी केली की सुरू व्हायची, पॉइंटला पॉलिश पेपर मारला की ठिणगी यायची, कार्ब्युरेटरचा जेट तोंडाने फुंकता यायचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, दुचाक्यांतही फ्युएल इंजेक्शन आलं. आता पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय काय बिघडलं ते कळत नाही. काही मिस्त्रींनी मोबाइलला जोडायचे छोटे स्कॅनर घेतलेत, पण कंपनीचं कुलूप सगळीकडे उघडत नाही. त्याच वर्षी केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. कागदावर ठीक आहे. किट बगलेच्या चिरेला चालत नाही, आणि हिंजवडीतला खड्डा नेमकी बगलच फाडतो.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा. आयटी पार्क एमआयडीसीचं, आजूबाजूला ग्रामपंचायती, त्यावर पीएमआरडीए, आणि रस्ता रुंद करताना पहिल्यांदा उचललं जातं ते घमेलं आणि कॉम्प्रेसर. अतिक्रमण आहे, नाकारत नाही. पण लाखो माणसं रोज येतात त्या रस्त्याला बंद गाडी बाजूला घ्यायला दहा फूट खांदाही ठेवलेला नाही. एक गाडी बंद पडली की मागे वाकडपर्यंत रांग लागते. मेट्रोच्या खांबांमध्ये आखलेल्या चार पक्क्या जागा, वर पत्रा, एक वीजजोडणी आणि ठरलेलं भाडं, एवढ्यात हा धंदा कायदेशीर झाला असता. कुणाच्या आराखड्यात तो आला नाही.

आता चेतकही विजेवर चालते, आकुर्डीतच बनते. तिला खिळा लागला तर पट्टी तीच, हवा तीच, पाच मिनिटांत काम. पण पाण्यात बंद पडली तर मिस्त्री आतल्या खोक्याला हात लावत नाही, लावूही नये. अ‍ॅपवरून कंपनीची टोइंग व्हॅन बोलवायची, ती भूमकर चौकाच्या त्याच रांगेत अडकलेली. अशा वेळी दुकानातलं पोरगं स्वतःची मोटारसायकल काढतं, बंद स्कूटरच्या फूटरेस्टला उजवा पाय लावतं आणि ‘हँडल सरळ धरा, ब्रेक मारू नका’ म्हणत वाकडपर्यंत ढकलत नेतं. त्याचे पैसे आधी ठरवून घ्यावेत.