तांबड्या दिव्याची साक्ष

सौदी अरेबियातील हरधपासून संयुक्त अरब अमिरातींच्या सरहद्दीनजीकच्या बथापर्यंत जो रस्ता जातो, तो सुमारे २४० किलोमीटर जवळजवळ एका रेषेत वाळवंटातून धावतो. आणि अशा रस्त्यावर, बाहेर ४५ अंशांचे ऊन असता, चालकासमोरच्या फलकावर बॅटरीचे चित्र असलेला तांबडा दिवा अकस्मात उजळला, तर त्याचे म्हणणे ज्याला उमगत नाही त्याची अवस्था परक्या भाषेतले समन्स हाती पडलेल्या कुळासारखी होते.

चित्र बॅटरीचे आहे, तेव्हा दोषही बॅटरीचाच, हा समज सार्वत्रिक आहे. त्याच समजापायी रियाधमध्ये मीही एकदा नवी बॅटरी विकत घेतली, आणि इंजिन सुरू होताच दिवा पुन्हा पूर्ववत तांबडा! अखेर सनाइयात, म्हणजे तेथील कारखान्यांच्या वस्तीत, रत्नागिरीकडच्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडले, पट्टा दोन बोटांनी उलटा वळवून त्याची काचेसारखी गुळगुळीत झालेली आतली बाजू मला दाखवली आणि म्हटले, "बॅटरी कशाला बदललीत, शेठ? पट्टा घसरतोय, दिनामो फिरतोय कुठे?" वीज निर्माण करणाऱ्या त्या यंत्राचे आजचे नाव अल्टरनेटर, परंतु अरबी कारागिरांच्या तोंडी ते 'दिनामो' आणि आपल्याकडच्या गॅरेजांत 'डायनामो' असेच राहिले आहे.

हा दिवा निव्वळ साक्षीदार असता तर त्याविषयी फारसे लिहिण्याजोगे नव्हते. जुन्या धाटणीच्या गाड्यांतून त्याची रचना अशी, की त्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीशी आणि दुसरे अल्टरनेटरशी जोडलेले असते. चावी फिरवली, पण इंजिन अद्याप सुरू झालेले नाही, अशा क्षणी बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन अल्टरनेटरच्या फिरत्या भागावरील वेटोळ्यात शिरतो. दिवा उजळतो, आणि त्या वेटोळ्यात अल्प चुंबकत्व उत्पन्न होते. पुढे इंजिनच्या पट्ट्याने तो भाग गरगरा फिरू लागला, की त्याच अल्प चुंबकत्वाच्या आधारे भोवतालच्या तारांत वीज निर्माण होते, डायोड तिला एकाच दिशेने वाहावयास लावतात, आणि अल्टरनेटरकडील दाब चढत चढत बॅटरीकडील दाबाच्या बरोबरीला येतो. दोन्ही टोकांना सारखाच दाब असला म्हणजे मधून प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही, म्हणून दिवा विझतो. ज्याला आपल्या ठिणगीने जागे केले, तो स्वतःच्या पायांवर उभा राहताच मुकाट्याने बाजूला होणारा असा नोकर मोठमोठ्या कचेऱ्यांतूनही क्वचितच आढळावा.

पट्टा तुटला, की अल्टरनेटरकडचा दाब कोसळतो आणि दिवा पुन्हा पेटतो; बॅटरी बिचारी धडधाकट असली तरी. उलटपक्षी, दाब आवरणारा नियामक बिघडून तो प्रमाणाबाहेर चढला, तर दोन्ही टोके एकदमच चढत असल्यामुळे हा जुना दिवा अवाक्षर काढत नाही, आणि बॅटरी आतल्या आत उकळत राहते. हल्लीच्या गाड्यांत हा निवाडा संगणकाकडे गेला आहे, त्यामुळे अशाही तक्रारींची दखल घेतली जाते.

दिवा चालत्या गाडीत लागला, की त्या क्षणापासून सारा खर्च बॅटरीच्या शिलकेतून चालतो. वातानुकूलन, पंखे, दिवे मिळून ५० अँपिअर ओढत असतील, तर ६० अँपिअर-तासांची नवी, भरलेली बॅटरीही फार तर तासाभराची सोबतीण. आणि आखाती उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते, हे तेथे गाडी बाळगणारा प्रत्येकजण जाणतो. म्हणून प्रथम इंजिनच्या तापमानाचा काटा पाहावा, कारण पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. काटा चढत असेल तर तेथेच थांबणे प्राप्त आहे. तो स्थिर असेल, तर गारवा आणि नको ते सारे बंद करून, इंजिन मात्र न विझवता, जवळचा पेट्रोलपंप गाठावा. विझवलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याइतकी वीज उरेलच असे नाही.

आणि चावी फिरवल्यावर हा दिवा मुळीच उजळत नसेल, तर निश्चिंत होऊ नये; अल्टरनेटरला जागे करणारी ठिणगीच हरवलेली असू शकते. त्याच दिवशी गाडी दिनामोवाल्याला दाखवावी.