चित्रकथा-संपादन : एक उपेक्षित वाङ्मयीन व्यवहार

प्रस्तावना

मराठी साहित्यविचारात संपादकाला मानाचे स्थान मिळाले ते प्रामुख्याने वाङ्मयीन नियतकालिकांच्या संदर्भात. 'सत्यकथे'च्या इतिहासात श्री. पु. भागवत यांच्या संपादकीय दृष्टीचा विचार टाळून पुढे जाता येत नाही. नवकथेच्या घडणीत लेखकाइतकाच संपादकाचाही वाटा होता, हे आता सर्वमान्य आहे. बालवाङ्मयाच्या, आणि त्यातही चित्रकथेच्या बाबतीत मात्र हा विचार झालेला दिसत नाही. चित्रकथेविषयी लिहिताना अभ्यासक लेखकाचा उल्लेख करतो, चित्रकाराच्या रेषेचे कौतुक करतो. या दोघांच्या मध्ये बसून काय ठेवावे, काय गाळावे आणि काय पुन्हा काढून घ्यावे हे ठरविणाऱ्या व्यक्तीकडे त्याचे लक्ष जात नाही. मुंबईत घडलेल्या 'अमर चित्रकथा' या मालिकेच्या आधारे या दुर्लक्षित कार्याचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर व तुळजापूर या दोन स्थळांशी निगडित कथांचा उपयोग उदाहरणादाखल केला आहे.

'अमर चित्रकथे'चे संपादक अनंत पै (१९२९-२०११) यांचे नाव उपेक्षित कसे म्हणता येईल, असा आक्षेप येथे संभवतो. 'अंकल पै' या नावाने ते देशभरातील मुलांना परिचित होते. परंतु ही कीर्ती मालिकेच्या जनकाची आहे. त्यांनी संपादक म्हणून नेमके काय केले, याची चर्चा फारच थोडी झाली. आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सहसंपादकांची तर जवळजवळ नाहीच.

मालिकेची पार्श्वभूमी

'अमर चित्रकथे'च्या जन्माची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. १९६७ मध्ये दिल्ली येथे दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती सांगता आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ते पाहून पै यांना ही कल्पना सुचली, असे ते स्वतः सांगत. इंडिया बुक हाऊस या प्रकाशनसंस्थेने ती स्वीकारली. या कथेला दुसरीही बाजू आहे. याच संस्थेच्या बंगळूर येथील जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने १९६५ पासूनच कन्नडमध्ये चित्रकथा निघू लागल्या होत्या. मालिकेचे पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना दिलेले आहेत आणि 'कृष्ण' हा अंक अकराव्या क्रमांकाने सुरू होतो, याचे कारण येथे सापडते. चित्रकथेच्या क्षेत्रात श्रेयाची नोंद किती सैल असते, याचे हे पहिलेच उदाहरण म्हणावे लागेल.

त्यापूर्वी पै टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'शी संबंधित होते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या व १९९० मध्ये बंद पडलेल्या या मालिकेतून ली फॉक यांचा 'फँटम' मराठी वाचकाला 'वेताळ' म्हणून भेटला. मूळ अमेरिकन कथेतील बेंगाली हा प्रदेश येथे 'डेंकाली' झाला, तर वेताळाच्या पित्याचा मारेकरी 'रामा' हा 'रामालू' झाला. भारतीय वाचकाच्या मनात खलनायकाचे नाव रामाशी जोडले जाऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. वाचकाला या बदलाचा पत्ताही लागला नाही. चांगल्या संपादनाचे हेच लक्षण असते, आणि त्याच्या उपेक्षेचे कारणही हेच.

चित्राला 'असे म्हणतात' म्हणता येत नाही

चित्रकथा-संपादनाचे काम गद्य-संपादनाहून वेगळे का ठरते, हे पाहण्यासाठी तुळजापूरचा प्रसंग घ्यावा. १६५९ मध्ये अफजलखान विजापुराहून निघाला. सभासद बखरीनुसार त्याने तुळजापुरी येऊन भवानीची मूर्ती फोडली. या कथनाच्या तपशिलाविषयी इतिहासाभ्यासकांत मतभेद आहेत. भवानीने शिवाजी महाराजांना तलवार दिली, ही तर सरळ आख्यायिकाच आहे. गद्यलेखकापुढे फारशी अडचण नसते. 'असे बखरकार सांगतो', 'अशी आख्यायिका आहे', 'असे मानले जाते' ही वाक्ये त्याच्या हाताशी असतात. चित्रकाराला ही सोय नाही. देवी तलवार देत आहे असे चित्र काढले की देवीने तलवार दिली. काढले नाही तर दिली नाही. संशयार्थ व्यक्त करणारे क्रियापद चित्राच्या व्याकरणात नाही.

ही उणीव भरून काढण्याचे काम संपादकाकडे येते. चौकटीच्या वर 'लोक सांगतात' अशी कथनपट्टी घालावी, की तोच प्रसंग एखाद्या गोंधळ्याच्या तोंडी घालून तो गात असल्याचे दाखवावे? की शिवाजी महाराज डोळे मिटून बसले आहेत आणि देवी केवळ फिकट रेषेत उमटली आहे, असे चित्रकाराला सुचवावे? प्रत्येक पर्यायाने इतिहासाचा निराळा अर्थ लागतो. या मालिकेतील 'शिवाजी' हा अंक १९७१ च्या सुमारास निघाला. त्याची संहिता भा. रा. भागवत यांची व चित्रे प्रताप मुळीक यांची. भागवत म्हणजे 'बालमित्र' मासिक चालविणारे आणि पुढे 'फास्टर फेणे'मुळे घराघरांत पोहोचलेले लेखक. स्वतः संपादक राहिलेला लेखक, कसलेला चित्रकार आणि मालिकेचा संपादक अशा तिघांच्या हातून गेलेल्या त्या पानांवर कोणता निर्णय कोणाचा, हे आज पान पाहून सांगता येत नाही.

पै यांच्या भूमिकेतही या प्रश्नावर बदल होत गेला. प्रारंभी चमत्कार ठळकपणे चित्रित करण्यास ते फारसे राजी नव्हते. 'कृष्ण'च्या पहिल्या आवृत्तीत असे प्रसंग सौम्य करण्याकडे त्यांचा कल होता. पुढील सुधारित आवृत्तीत गोवर्धनधारणाचा प्रसंग उघडपणे आला. मुखपृष्ठावरील नाव तेच, मालिका तीच, पण आतील धर्मविषयक भूमिका सरकलेली. ज्याला हे ठाऊक नाही असा अभ्यासक कोणती आवृत्ती हाती पडली यावरून निष्कर्ष काढून मोकळा होतो.

तेरचा कुंभार आणि तीस पाने

संपादकाच्या कामाचा सर्वांत अवघड भाग कळण्यासाठी तेरच्या संत गोरोबा काकांची कथा कल्पनेने या साच्यात घालून पाहणे उद्बोधक ठरेल. 'अमर चित्रकथे'चा रूढ अंक ३२ पानांचा. त्यात कथेला सुमारे ३० पाने, म्हणजे साधारणपणे सव्वाशे ते दीडशे चौकटी. वाचक आठ ते बारा वर्षांचा.

गोरोबांची परंपरागत कथा सर्वपरिचित आहे. विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन ते चिखल तुडवीत असताना रांगत आलेले त्यांचे मूल पायाखाली तुडविले जाते. ही कथेतील कळीची घटना होय; ती गाळली तर गोरोबांची कथाच उरत नाही. कीर्तनकार हा प्रसंग आवाजाने पेलतो. तो क्षणभर थांबतो, टाळ थांबतात, आणि जे घडले ते श्रोत्याच्या मनात घडते. चित्रकथेत ते पानावर घडावे लागते, आणि मूल ती चौकट हवा तितका वेळ न्याहाळू शकते, पुन्हा पुन्हा उघडू शकते. चिखलाचा लाल रंग कोठवर न्यावा, हादेखील येथे संपादकीय प्रश्न होतो. कदाचित कुशल संपादक त्या चौकटीत केवळ गोरोबांचे मिटलेले डोळे व हलणारे ओठ ठेवील आणि पुढील पानाच्या पहिल्या चौकटीत पाणी घेऊन परतलेल्या आईच्या हातून निसटलेली घागर. मधले काहीच दाखविणार नाही. त्या दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत जे आहे ते कोणीच लिहिलेले नाही आणि कोणीच काढलेले नाही. तरी ते कोणीतरी ठरविलेले आहे.

दुसरा प्रसंग तुलनेने सोपा वाटतो. संतमेळ्यात गोरोबा थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थापटतात आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवितात. हा प्रसंग दृश्य आहे, विनोदी आहे, मुलांना आवडणारा आहे. त्यातच धोका आहे. तो नुसता विनोद झाला तर नामदेवांचे पुढे विसोबा खेचरांकडे जाणे पोरकट रुसव्यासारखे दिसेल.

येथे आणखी एक व्यावहारिक अडचण नोंदवावीशी वाटते. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात मातीच्या वस्तूंचा समृद्ध ठेवा आहे. मुंबईत बसलेला प्रामाणिक चित्रकार संदर्भासाठी तेथील छायाचित्रे मागवील आणि सातवाहनकालीन भांडी तेराव्या शतकातील कुंभाराच्या अंगणात मांडून ठेवील. स्थळ अचूक, काळ हजार वर्षांनी चुकलेला! अशी चूक मुद्रणापूर्वी पकडणाऱ्याचे नाव कोठेही छापले जात नाही. ती सुटली तर मात्र वाचकांची पत्रे येतात.

सहसंपादकांची अदृश्यता

'अमर चित्रकथे'च्या अंकांवर 'संपादक : अनंत पै' ही ओळ नित्य असे. सत्तरच्या दशकात सहसंपादक म्हणून काम करणाऱ्या कमला चंद्रकांत आणि पुढे सुब्बा राव, लुईस फर्नांडिस यांची नावे सामान्य वाचकाच्या स्मरणात नाहीत. १९८० मध्ये 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक निघाले. त्याचे नाव सुब्बा राव यांना एका बैठकीत आलेल्या दूरध्वनीवरील संभाषणातून सुचले, असे सांगितले जाते. १९८३ मध्ये 'टिंकल'मध्ये अवतरलेला 'सुपंडी' मूळचा तमिळनाडूतील एका वाचकाने पाठविलेल्या कथांतून आला आणि राम वाईरकर यांच्या रेषेने तो लोकप्रिय झाला. त्याच वर्षीच्या 'शिकारी शंभू'मागे फर्नांडिस आणि चित्रकार वसंत हळबे होते. वाचकांच्या टपालाच्या ढिगातून नेमके सुपंडीचे पाकीट बाजूला काढणे आणि त्या पात्राला वर्षानुवर्षे चालविणे हा संपादकीय निर्णय होता. पण संपादकाच्या या निवडीला वाङ्मयीन कृती मानण्याची आपल्याकडे प्रथा नाही.

कमला चंद्रकांत यांचे उदाहरण अधिक विचारप्रवृत्त करणारे आहे. 'मीराबाई' या अंकाची संहिता त्यांची. या अंकात मीरा ही आदर्श, कर्तव्यदक्ष पत्नी म्हणून येते आणि तिच्या बंडखोरीची धार बोथट होते, अशी टीका स्त्रीवादी अभ्यासकांनी केली आहे. टीका रास्त आहे. मात्र तिचा रोख बहुधा 'अनंत पै यांची स्त्रीविषयक दृष्टी' असा राहतो. संहिता एका स्त्रीची, तीही मालिकेची सहसंपादक, चित्रे दुसऱ्याची, अंतिम संमती पै यांची, आणि सर्वांवर आजी-आजोबांनी मुलांसाठी विकत घ्यावयाच्या पुस्तकाचे बाजाराचे दडपण. कर्तव्यदक्ष मीरा यांपैकी कोणाच्या लेखणीतून आली? हा प्रश्न न विचारता केलेली टीका एका व्यक्तीवर अन्याय करते आणि दुसऱ्या व्यक्तीला पुसून टाकते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे.

संपादकावर समाजाचा धाकही असतो. 'वाल्मीकी' या अंकात महर्षींचे पूर्वायुष्य वाटमाऱ्याचे दाखविल्यामुळे पंजाबातील वाल्मीकी समाजाने तीव्र आक्षेप घेतला आणि तो अंक मागे घ्यावा लागला. शतकानुशतके सांगितली जाणारी कथाही चित्ररूप होताच कोणाच्या तरी वर्तमान प्रतिष्ठेला भिडते, याचा तो धडा होता. एस. एस. रेगे यांची संहिता व दिलीप कदम यांची चित्रे असलेल्या 'बाबासाहेब आंबेडकर' (१९७९) या अंकाच्या वेळी हा प्रश्न किती नाजूक असेल, याची कल्पना येऊ शकते. सवर्णांचे वर्तन जसे होते तसे दाखवावे, तर ते विकत घेणारा वाचक बव्हंशी सवर्ण. सौम्य करावे, तर चरित्रच खोटे. धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत झालेली महार-मांग वतनदार परिषद येथील वाचकाला चरित्राचा अविभाज्य भाग वाटते. तीस पानांच्या चरित्रात तडवळे, महाड, नाशिक, पुणे यांपैकी कोणाला किती चौकटी मिळाव्यात, याचे उत्तर गुणवत्तेने मिळत नाही, जागेने मिळते.

मराठी आवृत्तीचा प्रश्न

या मालिकेच्या मराठी आवृत्त्यांच्या बाबतीत आणखी एक हात कामाला लागतो. अशा छपाईत खर्च वाचविण्यासाठी रंगांच्या प्लेटी तशाच ठेवून अक्षरांची काळी प्लेट तेवढी भाषेनुसार बदलण्याची पद्धत होती. त्यामुळे फुग्याचा आकार मूळ इंग्रजी वाक्याने आधीच ठरलेला असे. मराठी वाक्याला त्यात बसावे लागे. बसले नाही तर विशेषणे गळत, आदरार्थी बहुवचन आखडे. 'आपण', 'तुम्ही' आणि 'तू' यांतील निवड इंग्रजीत नसतेच. राजाने सरदाराला, पत्नीने पतीला, भक्ताने देवाला कसे संबोधावे हे मराठी अनुवादकाने व संपादकाने नव्याने ठरविले. एका अर्थी मराठी अंकातील सामाजिक श्रेणीव्यवस्था मूळ अंकात नव्हती. ती येथे घडली. भाषाविभागांतील संशोधकांनी या दृष्टीने एखाद्या अंकाच्या दोन भाषांतील प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात, इतके हे क्षेत्र मोकळे आहे.

त्यासाठी साधन उपलब्ध असावे लागते. १९७८ मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या भूमिकेवर चर्चासत्र झाले आणि त्या काळात चित्रकथा शाळांच्या ग्रंथालयांत शिरल्या. ग्रामीण भागातील शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत त्यांतील काही अंक आजही असू शकतात. फाटके म्हणून ते निर्लेखनाच्या यादीत सर्वांत आधी जातात. दाखल नोंदवहीत त्यांची नोंद पुष्कळदा शीर्षक, प्रकाशक आणि किंमत एवढीच असते. आवृत्ती, मुद्रणवर्ष, संहिता, चित्रे, संपादक, सहसंपादक आणि अनुवादक यांच्यासाठी त्या नोंदवहीत रकाने नसतात. ती माहिती आतील पानाच्या तळाशी बारीक टाइपात असते, आणि मुखपृष्ठापाठोपाठ बहुधा तेच पान आधी निखळते.