एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि घरातील जुन्या संगणकाचे काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. नवी आवृत्ती त्यावर चालेना, आणि ती. दादांचे मराठी लेखन ज्या जुन्या टंकलेखन-प्रणालीत होते, ती विंडोजवाचून उघडेना. तेव्हा एकाच डिस्कवर विंडोज व लिनक्स अशी दोन बिऱ्हाडे थाटण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम सर्व लेखनाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. विभाग पाडताना चूक झाल्यास सारेच पुसले जाऊ शकते; म्हणून ही पायरी कोणीही गाळू नये. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून मुख्य विभाग लहान करून ५० जीबी जागा मोकळी केली, विंडोज पुरते बंद व्हावे म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाकले, आणि त्या मोकळ्या जागेतच लिनक्स बसविले. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हाच क्रम सोयीचा. उलट केल्यास विंडोज आरंभाचा ताबा आपल्याकडे घेते.

आता यंत्र सुरू होताच ‘ग्रब’ची यादी पुढे येते. इंटरनेटचे व्यवहार लिनक्सवर; दादांचे कागद विंडोजवर, तेही इंटरनेट तोडून. ते लेखन युनिकोडमध्ये उतरविणे चालू आहे. ते पुरे होईतो जुने बिऱ्हाड हलवायचे नाही.