सही जुळत नाही

परळीहून बीडकडे निघालं की वाटेत आमचं सिरसाळा लागतं. गावात माझ्या धाकट्या भावाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाच्या गल्ल्यात, उधारीच्या वहीखाली, एक कॅसेट वर्षानुवर्षं पडून आहे. ती वाजवायला घरात आता टेपरेकॉर्डर नाही. कव्हरचा रंग उडाला आहे, तरी नाव वाचता येतं: रॉक मशीन. कपाशीचं बियाणं न्यायला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याची नजर तिच्यावर पडलीच, तर तो विचारतो, "भजनं हायेत का?" भाऊ मान न वर करता म्हणतो, "हाव, भजनंच."

त्या भजनांची गोष्ट आज सांगायची आहे. आणि तिच्या निमित्ताने एका प्रश्नाचीही, जो बँकेच्या नोकरीत मला सदतीस वर्षं रोज पडत आला: समोर उभा आहे तो माणूस तोच आहे का?

१९८६ साली माझी बदली मुंबईला झाली. डोंबिवलीत भाड्याची खोली घेतली. बारावी झाल्यावर भाऊ शिकायला माझ्याकडे आला. सिरसाळ्याहून येताना त्याच्या पेटीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आईने शिवलेली गोधडी होती. दोन वर्षांत त्या पेटीवर एक गिटार येऊन बसली, तीही हप्त्यांनी घेतलेली. हप्ते अर्थात माझ्या पगारातून जात होते.

रॉक मशीन हा मुंबईतला बँड, १९८४ साली निघालेला. त्या काळी आपल्याकडे इंग्रजी गाणी वाजवणारे बहुतेक बँड विलायतेतली गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या घेत. या पोरांनी स्वतःची गाणी रचली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' अशा दोन ध्वनिफिती त्यांनी काढल्या. गायचा उदय बेनेगल, गिटार वाजवायचा महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. तिनईकर या नावाचं भावाला भारी कौतुक. "दादा, आडनाव बघ. आपल्यातलाच आहे," असं तो मला पटवून द्यायचा, जणू आडनाव ओळखीचं निघालं की गाणंही मला कळायला लागणार होतं.

एकदा तो मला धोबीतलावच्या रंगभवनला घेऊन गेला. मी बँकेतून सरळ आलो होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत रिकामा डबा. भोवती हजारो पोरं केस उडवीत होती. मी कानांवर हात ठेवून बसलो होतो. पण मधूनच भावाकडे पाहिलं आणि हात खाली आले. गाण्यातला शब्द न् शब्द त्याला पाठ होता. सिरसाळ्याच्या शाळेत इंग्रजी विषयाला रडणारा पोरगा तो हाच, हे मला खरं वाटेना.

१९९० च्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. शेताकडे पाहायला कोणीतरी हवं होतं. माझी नोकरी कायम, त्याचं शिक्षण अर्धं. घरात बसून कोणी निर्णय घेतला असं झालं नाही. निर्णय झालेलाच होता, फक्त तो कोणी तरी उच्चारायचा होता. तो मी उच्चारला. भाऊ गावी परतला. गिटार खुंटीला लागली, कॅसेट गल्ल्यात गेली.

बँडचं पुढे काय झालं ते त्याला तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. केबल टीव्ही आला तेव्हा 'प्रिटी चाइल्ड' हे त्यांचं गाणं एमटीव्हीवर लागायचं. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. भावाला हे नाव काही आवडलं नाही. १९९५ मध्ये नव्या नावाने ध्वनिफीत आली आणि १९९७ मध्ये बँड मोडला. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला. हिंदी पॉपच्या लाटेत इंग्रजी गाणारे मागे पडले होते. पुढे रंगभवनच्या परिसरातही शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथलं संगीतही थांबलं.

मग २०१० मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली, आणि २०१२ मध्ये आठ गाण्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम निघाला. मागच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी! बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोघे नवे. ध्वनिमिश्रण टिम पामर यांचं. पर्ल जॅम या अमेरिकन बँडच्या १९९१ च्या 'टेन' या गाजलेल्या अल्बमचं मिश्रण करणारे तेच हे पामर.

त्या वर्षीची दिवाळी आमच्याकडच्या लोकांना आठवत असेल. पाऊस झाला नव्हता. मराठवाड्यावर असा दुष्काळ होता की पुढे फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्रही बंद ठेवावं लागलं. भावाच्या दुकानाची उधारी वसूल होण्याची आशा नव्हती. अशा दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून आला. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. येताना त्याने काकासाठी भेट म्हणून हा अल्बम आणला होता.

रात्री ओसरीवर आम्ही तिघं बसलो. मुलाने लॅपटॉपला स्पीकर जोडले. भाऊ मांडी घालून, डोळे मिटून बसला. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याला त्याने डोळे उघडले. चौथ्याला उठून गोठ्याकडे जाऊन आला. सगळं संपल्यावर म्हणाला, "माणसं तीच हायेत. पण हे ते नाहीत."

मुलगा चकित झाला. त्याला अल्बम मनापासून आवडला होता. गाणी लांब आहेत, चाली वळणं घेत जातात, वाजवण्यात खोली आहे, असं तो सांगू लागला. भाऊ ऐकून घेत म्हणाला, "वाजवतात चांगलं. पण ओठावर बसत नाही. त्यांचं गाणं आम्ही एकदा ऐकलं की लोकलमध्ये म्हणत घरी जायचो." दुसऱ्या दिवशी त्याने कॉलेजातल्या एका जुन्या मित्राला फोन लावला. मित्राचं म्हणणं नेमकं उलटं: इतकं चांगलं ते पूर्वी कधी वाजवतच नव्हते, तेव्हा पोरकट होते, आता कुठे जाणते झाले आहेत. अर्धा तास दोघं हमरीतुमरीवर आले. दुष्काळात, उधारीच्या वहीवर कोपर टेकून, सिरसाळ्याच्या दुकानात एक गृहस्थ इंग्रजी बँडवरून भांडतोय, हे दृश्य मी समोर उभा राहून पाहिलं आहे.

म्हणजे एका अल्बमवर तीन मतं. जुनं हरवलं म्हणणारा एक, नवं सापडलं म्हणणारा दुसरा, आणि ज्याच्यापाशी ताडून पाहायला जुनं काही नाहीच असा तिसरा. परतून आलेल्या प्रत्येक कलावंताच्या वाट्याला हे तिघे येतात. बॉस्टनचा पिक्सीज हा बँड १९९३ मध्ये फुटला, २००४ मध्ये जुळला, आणि नवा अल्बम त्यांनी २०१४ मध्ये काढला. पण किम डील ही बेस वाजवणारी बाई त्याआधीच सोडून गेली होती. तिच्याशिवाय पिक्सीज कसले, असं म्हणणारे चाहते तिकडेही निघाले. आपल्याकडे बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. आवाज तोच, गळा तोच. पण प्रेक्षकांना हवी होती ती शालू नेसलेली भामिनी. पुरुषाच्या वेशातले पुरुष बालगंधर्व पाहून लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

इथे मला बँकेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यात चूक माझी आहे. म्हणून गावाचं आणि शाखेचं नाव सांगत नाही.

एका तालुक्याच्या गावी मी अधिकारी असताना एक निवृत्त शिक्षक पैसे काढायला आले. खात्यावर बरीच वर्षं व्यवहार नव्हता. मी स्लिपवरची सही नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहिली. कार्डावर वळणदार, ठसठशीत अक्षर; स्लिपवर थरथरती रेघ. मी म्हणालो, "सही जुळत नाही." त्यांनी पुन्हा केली. ती तर पहिल्या सहीशीही जुळेना. मी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा पाठवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "साहेब, हात बदललाय. माणूस तोच आहे."

संध्याकाळी आमचे वयस्क हेड कॅशियर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "साहेब, सही थोडी चुकली म्हणून घाबरू नका. तंतोतंत जुळली, की घाबरा." मला अर्थ लागेना. त्यांनी समजावलं. खऱ्या माणसाची सही रोज थोडी वेगळी होते. काल घाईत होता, आज निवांत आहे, पेन दुसरं आहे. दोन सह्या एकीवर एक ठेवल्या आणि रेघेवर रेघ बसली, तर समजावं की एक दुसरीवरून गिरवलेली आहे. हस्ताक्षरतज्ज्ञही हेच सांगतात. तिसऱ्या दिवशी मी त्या गुरुजींच्या घरी गेलो, माझ्यासमोर नव्या सह्या घेतल्या, नवं कार्ड केलं. अशा वेळी करायचं असतं ते एवढंच. जुनं कार्ड फाडून टाकायचं नसतं. त्याच्यामागे नवं जोडायचं असतं.

भावाचं वाक्य ऐकलं तेव्हा मला हे कार्ड आठवलं. त्याच्यापाशी १९९० सालची नमुना सही होती, आणि २०१२ ची स्लिप तो तिच्याशी ताडून पाहत होता. जुळणार कशी? चाळिशी उलटून गेलेल्या माणसांनी विशीतल्या पोरांची सही हुबेहूब करून दाखवली असती, तर भाऊ खूश झाला असता. पण ती गिरवलेली सही ठरली असती. जुनी गाणी नव्या कपड्यांत घालून गावोगाव फिरणारे बँड जगात कमी नाहीत. त्यांच्या सह्या तंतोतंत जुळतात. इंडस क्रीडने तो मार्ग घेतला नाही. अल्बमला त्यांनी नावच दिलं 'इव्हॉल्व्ह', म्हणजे उत्क्रांत व्हा. ते आवडो न आवडो, सही त्यांनी स्वतःच्या हाताने केली आहे, एवढं कोणीही मान्य करील.

पण भाऊही खोटं बोलत नव्हता, हे मला पुढे कळलं. चाहत्याचं प्रेम ही एक ठेव असते. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक खातं निष्क्रिय ठरवते. दहा वर्षांनी, २०१४ पासूनच्या नियमाप्रमाणे, ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरी खातेदार उगवला तर त्याचे पैसे त्याला मिळतात. भावाने मुंबईची आपली चार वर्षं त्या बँडच्या नावावर ठेवली होती. तो ती मागायला आला होता. ती परत करणं ना बेनेगलच्या हातात होतं, ना तिनईकरच्या. ज्याच्या हातात होतं तो ओसरीवर त्याच्या शेजारीच बसला होता. त्याची विशी ज्या वाक्याने बंद झाली, ते माझं होतं.

हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे भावाभावांत असं बोलायची रीत नाही. निवृत्तीनंतर, २०१९ मध्ये, मी गावी राहायला आलो आणि पुन्हा कादंबरी लिहायला घेतली. पहिली कादंबरी नोकरीच्या ऐन भरात लिहिली होती. मध्ये बदल्या, बढत्या आणि ऑडिट यांत वीस-एक वर्षं गेली. नवीन पुस्तक आल्यावर पत्रं आली: पहिल्यासारखी मजा नाही. भावाने दुकानात बसून ते महिनाभर वाचलं. मी विचारलं तर म्हणाला, "पहिलं झकास होतं." आणि युरियाच्या गोण्या मोजायला उठला. त्या दिवशी 'इव्हॉल्व्ह' वाजवणाऱ्या त्या तिघा जुन्यांची जागा मला नीट कळली.

गेल्या दिवाळीच्या आदल्या रात्री उशिरा दुकानात दिवा दिसला म्हणून मी डोकावलो. भाऊ वर्षाचा हिशेब मांडून बसला होता. मोबाइलवर हळू आवाजात काहीतरी लागलं होतं. मला आता ही गाणी ओळखू येतात. मी म्हणालो, "हे ते नाहीत ना?"

त्याने आवाज बारीक केला नाही.

"नाहीत," तो म्हणाला. "पण दादा, हेबी ऐकायला बरे हायेत. बस जरा. चहा सांगतो."

मी बसलो. या खेपेला कानांवर हात ठेवले नाहीत.