रक्तदाबाचा रोजमेळ

दुकानातील रोकड दररोज रात्री न चुकता मोजणारा व्यापारी स्वतःचा रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे मोजत नाही. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हा विकार असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना त्याची जाणीवच नसते. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्यावरच अनेकांना त्याचा पत्ता लागतो.

मोबाइलवरील अ‍ॅपमुळे रक्तदाबाची नोंद ठेवणे आता सोपे झाले आहे. परंतु अ‍ॅप ही वही आहे, तराजू नव्हे. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगण्याचा दावा करणाऱ्या एका अ‍ॅपची तपासणी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, रक्तदाब वाढलेल्या दर दहांपैकी जवळजवळ आठ जणांना त्या अ‍ॅपने चुकीचा दिलासा दिला होता. म्हणून मोजमाप दंडावर पट्टा बांधणाऱ्या प्रमाणित यंत्रानेच करावे; अ‍ॅपकडे केवळ हिशेब सोपवावा.

नोंद खरी हवी तर मोजण्याची रीतही शुद्ध हवी. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू टाळावी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सात दिवस सकाळ-संध्याकाळ अशा नोंदी घेऊन, पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी पाहावी. घरी घेतलेली ही सरासरी १३५/८५ किंवा अधिक असल्यास डॉक्टरांना दाखवावी. एखाद्या दिवसाच्या आकड्याने घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये.

नोंदवहीचे सामर्थ्य पाठपुराव्यात आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवात पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत झाली. त्यांत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. या उपक्रमात वापरले जाणारे ‘सिंपल’ अ‍ॅप ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णांची यादी परिचारिकेसमोर ठेवते. थकबाकीदाराला निरोप धाडावा, तसा ती रुग्णाला फोन करते.

घरातही हेच साधता येते. अ‍ॅपमध्ये गोळीच्या वेळेची आठवण लावावी. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून तशी वेळ नोंदवावी. पर्युषणात उपवास किंवा अठ्ठाई करण्याचा संकल्प असेल, तर काही दिवस आधीच मागील नोंदी दाखवून औषधांविषयी सल्ला घ्यावा. कारण उपवासात काही औषधांनी रक्तदाब फार उतरू शकतो. आकडे चांगले दिसू लागले म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे तितकेच घातक आहे. ते आकडे बहुधा त्या गोळीमुळेच चांगले असतात.

रक्तदाब १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे असे काही घडले, तर अ‍ॅप बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरातील तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर ही सोय करून द्यावी, पापड, लोणची व फरसाणातून जाणाऱ्या मिठाकडे गृहिणींबरोबर सर्वांनीच लक्ष द्यावे आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे महिन्याचा आलेख ठेवावा. न पाहिलेला हिशेब लिहूनही उपयोगाचा नसतो.